छोट्या तेलकंपनीचा शेअर खरोखर कितीला पडतो?

जबलपुरात राइट टाउन असो की गोलबाजार, मराठी घरांत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न सारखा कानावर येतो: "दमोहला तेल निघालंय म्हणे, मग कोणता शेअर घ्यावा?" विचारणारे बहुतेक जण आयुष्यभर पगारावर जगलेले. कुणी खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, कुणी गन कॅरेज फॅक्टरीतून, कुणी रेल्वेतून, कुणी वीज मंडळातून. फंडाचे पैसे मुदतठेवीत आहेत, व्याज पुरत नाही, आणि भाचा किंवा जावई मोबाइलवर शेअर बाजार दाखवतो. अशा वाचकाला तेलशोधाच्या छोट्या कंपन्यांत पैसे घालायचे असतील, तर एकूण खर्च किती येतो, तो कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही, ते इथे मांडतो. आधी खडकांबद्दल बोलावं लागेल, कारण या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च तिथेच ठरतो.

पहिली गोष्ट, दमोहला मिळाला तो नैसर्गिक वायू आहे. तेल नाही. जबलपूरहून कटंगी, सिंग्रामपूरमार्गे दमोहला जाताना जबेरा आणि नोहटा लागतात. या दोन्ही ठिकाणी ओएनजीसीने खोल विहिरी खोदल्या आणि वायूच्या खुणा मिळाल्या. पुढे दमोह जिल्ह्यातल्याच हटा इथल्या तिसऱ्या विहिरीत, खडकाला दाबाने तडे पाडल्यानंतरच्या चाचणीत, दिवसाला सुमारे ६२ हजार घनमीटर वायू वाहिला. बातमी खरी होती आणि भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने मोठीही होती. आता तिचं रुपयांत रूपांतर करून पाहा. साधारण २८ घनमीटर वायू म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, आणि वायूचा भाव याच मापावर ठरतो. भाव ७ डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर त्या विहिरीचं दिवसाचं उत्पन्न १३ लाख रुपयांच्या आसपास येतं. चाचणीतला प्रवाह वर्षभर तसाच टिकला असं मानलं (तो तसा टिकत नाही), तरी वर्षाला पन्नास कोटींच्या आतच. ओएनजीसीची वार्षिक उलाढाल एक लाख कोटी रुपयांच्या वर आहे. म्हणजे हटाची बातमी वाचून ओएनजीसीचा शेअर घेणाऱ्याला हटातून काहीच मिळत नाही. त्याला मिळतो तो मुंबई हाय, गुजरात आणि आसामचा नफा-तोटा. तो शेअर घेण्याची इतर कारणं असू शकतात, पण दमोह हे कारण धरू नये.

आपल्या पायाखाली काय आहे

जबलपूरकराला खडक नवे नाहीत. भेडाघाटचा संगमरवर, मदनमहालचा ग्रॅनाइट, लम्हेटा घाटाचे थर आपण लहानपणापासून पाहतो. १८२८ मध्ये इंग्रज अधिकारी स्लीमनला याच शहरालगतच्या बडा सिमला टेकडीवर प्राण्यांची प्रचंड हाडं सापडली आणि भारतातल्या डायनोसॉरच्या अभ्यासाची ती सुरुवात ठरली. पण यातल्या एकाही खडकात तेल साठत नाही. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पार बदललेली चुनखडी. ग्रॅनाइटमध्ये सेंद्रिय द्रव्य नसतंच. लम्हेट्याचे थर पातळ आहेत आणि उघड्यावर आलेले आहेत. त्यांत कधी काही असतं तरी केव्हाच उडून गेलं असतं.

साठा तयार व्हायला पाच गोष्टी एका जागी जमाव्या लागतात. सेंद्रिय द्रव्याने भरलेला मूळ खडक हवा. तो योग्य तापमानाला शिजायला हवा. कमी शिजला तर काहीच नाही, जास्त शिजला तर फक्त वायू, त्याहून जास्त तर तेही नाही. मग ते तेल किंवा वायू धरून ठेवणारा सच्छिद्र खडक हवा, त्यावर घट्ट झाकण हवं, आणि सगळ्याला अडवून धरणारा घुमटासारखा किंवा भ्रंशाने तयार झालेला आकार हवा, तोही वायू हलायला लागण्याआधी. कंपनीच्या माहितीपत्रकात या प्रत्येक गोष्टीची शक्यता "चांगली" अशी लिहिलेली असते. चांगली म्हणजे साठ टक्के धरू. पाच वेळा साठ टक्क्यांचा गुणाकार केला की उरतात जेमतेम आठ टक्के. म्हणजे बारा-तेरा विहिरींमागे एक. एवढा एक हिशोब वाचकाने लक्षात ठेवला तरी त्याचे बरेच पैसे वाचतील.

दमोहकडचा खडक विंध्य संघाचा. त्याच्या खालच्या थरांचं वय १६० कोटी वर्षांच्या घरात जातं. त्या काळी जमिनीवर झाड नव्हतं, प्राणी नव्हता. समुद्रात शेवाळासारखे सूक्ष्म जीव होते आणि त्यांच्यापासूनच हा वायू बनला. याहून तरुण असले तरी अशाच अतिप्राचीन खडकांतून ओमान आणि सायबेरियात उत्पादन झालेलं आहे, त्यामुळे कल्पना अशक्यातली नाही. अडचण वेगळी आहे. एवढ्या काळात रोहतास चुनखडीसारखे थर दाबले जाऊन इतके घट्ट झाले आहेत की वायू आत असूनही बाहेर वाहत नाही. म्हणून दाबाने तडे पाडावे लागतात, प्रत्येक विहिरीचा खर्च वाढतो आणि प्रवाह लवकर मंदावतो. केंद्र सरकारने देशातल्या २६ गाळखोऱ्यांची जी प्रतवारी केली, तीत विंध्य दुसऱ्या वर्गात आहे: वायू आहे हे ठाऊक, व्यापारी उत्पादन अजून व्हायचं. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं पैसा ओतत राहण्याची ताकद मोठ्या सरकारी कंपनीकडे असते. छोट्या कंपनीने असा खडक हातात घेतला, तर दोन विहिरी फसल्या की तिचं भांडवलच संपतं.

आपल्या पूर्वेला शहडोलमध्ये गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे गोंडवन काळातला कोळसा आहे आणि कोळशाच्या थरांत अडकलेला मिथेन रिलायन्सने मार्च २०१७ पासून काढायला घेतला. त्यासाठी दोनशेहून अधिक विहिरी आणि शहडोल ते फुलपूर अशी ३०२ किलोमीटरची वाहिनी लागली. कोळशातला मिथेन काढायचा म्हणजे आधी महिनोन्‌महिने पाणी उपसायचं, मग वायू सुरू होतो. भूगर्भाचा धोका यात कमी आहे, कारण कोळसा कुठे आहे ते माहीत असतं. भांडवल मात्र अफाट लागतं. कोळशातल्या मिथेनवर आशा दाखवणारी छोटी कंपनी समोर आली, तर तिचा ताळेबंद आधी पाहावा आणि वाहिनी किती लांब आहे ते विचारावं. वाहिनी नसलेला वायू विकता येत नाही.

छोट्या कंपन्या खरोखर कुठे कमावतात

गुजरातेत, कंबेच्या खोऱ्यात. खंबायतजवळ लुणेज इथे १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं, तेव्हापासून हा पट्टा खोदला जातो आहे. मंडल्याच्या बाजूला जो काळा पाषाण आपल्याला डोंगरमाथ्यावर दिसतो, तोच दख्खनचा लाव्हा कंबेत सगळ्याच्या तळाशी आहे. त्याच्यावर पाच कोटी वर्षांपूर्वीचा कंबे शेल हा मूळ खडक आणि त्याच्यावर वाळूचे थर, अशी रचना आहे. खडक तरुण, सच्छिद्र, विहिरी फार खोल नाहीत, आणि तेल नेणारे टँकर-रस्ते शेजारीच. मोठ्या कंपनीला परवडत नाही असं लहानसं क्षेत्र तिथे छोट्या कंपनीला परवडतं.

सरकारने २०१५ मध्ये याच हेतूने लहान शोधलेल्या क्षेत्रांचं धोरण आणलं. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाकडे पडून असलेली क्षेत्रं लिलावात काढली. पहिल्या फेरीत ६७ क्षेत्रं ४६ करारपट्ट्यांत होती. या करारांत तेलावरचा उपकर नाही, विक्रीभाव ठरवण्याची मोकळीक आहे, आणि सरकार नफ्याऐवजी उत्पन्नातला वाटा घेतं. शेअर घेणाऱ्यासाठी हा शेवटचा भाग महत्त्वाचा. कंपनीला तोटा झाला तरी सरकारचा वाटा आधी कापला जातो.

बाजारात नोंदलेल्या अशा कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्याच. हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन ही १९८३ मध्ये एच. टी. पारेख यांच्या पुढाकाराने निघालेली कंपनी; आसामात डिरोकच्या वायुक्षेत्रात तिचा सुमारे २७ टक्के वाटा आहे आणि तिथे २०१७ पासून उत्पादन होतं. सेलन एक्सप्लोरेशनची गुजरातेत बकरोल, लोहार, कर्जिसण ही क्षेत्रं. तिचं अँटेलोपस या कंपनीशी एकत्रीकरण झालं आणि नावही बदललं. ही नावं फक्त धंदा समजावा म्हणून दिली आहेत. घ्या किंवा विका असा सल्ला यात नाही.

एका पिंपाचा हिशोब

आता कंपनीच्या खिशात काय उरतं ते पाहू. हा नमुन्याचा हिशोब आहे; प्रत्येक कंपनीचे आकडे तिच्या वार्षिक अहवालातून घालून पाहावेत.

समजा तेलाचा भाव पिंपाला ६५ डॉलर. जमिनीवरच्या तेलावर साडेबारा टक्के रॉयल्टी, म्हणजे सव्वाआठ डॉलरच्या आत. उरलेल्यावर सरकारचा १५ टक्के वाटा धरला तर साडेआठ. उपसा, पंप, वीज, पाणी वेगळं करणं, वाहतूक, माणसं मिळून २० डॉलर. विहिरी खोदायला जो पैसा आधीच गेला, त्याचा घसारा १२ डॉलर. कंपनीचा आयकर सव्वापंचवीस टक्क्यांच्या आसपास. शेवटी हाती राहतात सुमारे सव्वाबारा डॉलर. आता भाव ५० डॉलर झाला तर? रॉयल्टी आणि वाटा थोडा कमी होतो, पण २० आणि १२ डॉलर तसेच राहतात, आणि हाती उरतात चार डॉलरसुद्धा नाहीत. भाव २३ टक्के उतरला, नफा दोन तृतीयांश गेला. छोट्या तेलकंपनीचा शेअर तेलाच्या भावापेक्षा कितीतरी जोरात वरखाली का होतो, त्याचं उत्तर यात आहे.

दुसरं असं की विहीर म्हातारी होते. आज दिवसाला शंभर पिंपं देणारी विहीर दरवर्षी १५ टक्क्यांनी घटली, तर पाच वर्षांनी ४४ पिंपांवर येते. उत्पादन जागच्या जागी ठेवायलासुद्धा नव्या विहिरी लागतात. कंबेतली उथळ विहीर काही कोटींत होते. विंध्यासारख्या कठीण खडकातली खोल विहीर दहा कोटींच्या कितीतरी पट खाते. म्हणून अशा कंपनीचा नफा पाहताना मी आधी रोखीचा तक्ता उघडतो. त्या वर्षी विहिरींवर किती खर्च झाला, आणि तो धंद्यातून आलेल्या रोखीतून झाला की नव्या कर्जातून, एवढं पाहिलं तरी कंपनीची निम्मी ओळख पटते.

साठ्याचे आकडेही नीट वाचावेत. "सिद्ध" साठा, "सिद्ध आणि संभाव्य" साठा, "आकस्मिक" साधनसंपत्ती आणि "अपेक्षित" साधनसंपत्ती या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन विकता येण्याजोग्या. तिसरी म्हणजे सापडलंय, पण आजच्या भावात, आजच्या सोयींत काढणं परवडेल असं सिद्ध झालेलं नाही. चौथी म्हणजे अजून विहीरच खोदलेली नाही. जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा जवळजवळ नेहमी चौथ्या प्रकारचा असतो. शेअरची किंमत ठरवताना तो शून्य धरावा.

सरकारचा हातही या हिशोबात मध्येच शिरतो. १ जुलै २०२२ ला देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा विशेष कर लागला. आदल्या वर्षी २० लाख पिंपांपेक्षा कमी उत्पादन असलेल्या कंपन्यांना तो लागू नव्हता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्दही झाला. लहान कंपनीला लहानपणाचा झालेला हा एक खरा फायदा.

तुमच्या खिशातून काय जातं

५० हजार रुपयांचे शेअर घेतले असं धरू. खरेदीवर व्यवहार कर ०.१ टक्का, म्हणजे ५० रुपये. मुद्रांक शुल्क साडेसात रुपये. शेअर बाजाराचा आकार दीड रुपया. इथपर्यंत सगळ्यांना सारखं. फरक पडतो दलालीत. जबलपुरातल्या जुन्या, ओळखीच्या दलालाकडे अर्धा टक्का असेल तर २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. सवलतीच्या ऑनलाइन दलालाकडे हीच रक्कम शून्य ते वीस रुपये. विकताना मुद्रांक शुल्क नाही, पण डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचे पंधरा-वीस रुपये लागतात. जाऊन-येऊन जुन्या दलालाकडे सुमारे ७२० रुपये, ऑनलाइन दीडशेच्या आसपास. ओळखीचा दलाल वार्षिक अहवाल समजावून सांगत असेल तर ते जास्तीचे साडेपाचशे रुपये मला वाजवी वाटतात. नुसताच फोनवर ऑर्डर टाकत असेल तर नाही.

डीमॅटचा वार्षिक खर्च पुष्कळांना उगाच बसतो. तुमच्या नावावर एकच डीमॅट खातं असेल आणि त्यातली गुंतवणूक चार लाखांच्या आत असेल, तर मूलभूत सेवा खात्याला वार्षिक शुल्क शून्य. चार ते दहा लाखांपर्यंत शंभर रुपये. खातं त्या प्रकारात आहे का, ते आजच विचारून घ्या.

याहून मोठा खर्च पावतीवर छापलेला नसतो. छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत एक टक्क्यापर्यंत अंतर सहज पडतं. ५० हजारांवर पाचशे रुपये घेतानाच गेले. बाजारभावाने ऑर्डर टाकली तर आणखी जातात. म्हणून भाव स्वतः लिहून ऑर्डर द्यावी, आणि घाई असेल तर खरेदीच करू नये. वाईट बातमी आली की असा शेअर खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसातल्या घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला, लागतो, मग विकायला गिऱ्हाईकच मिळत नाही. औषधपाण्याला लागतील ते पैसे या शेअरमध्ये न ठेवण्याचं हे पहिलं कारण.

कराचं सूत्र २३ जुलै २०२४ पासून असं आहे: वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के, वर्षानंतर विकला तर साडेबारा टक्के आणि तोही वर्षभरातल्या सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर. दोन्हींवर चार टक्के उपकर. महिन्यात २० हजार मिळवले तर ४,१६० रुपये सरकारला. तेच तेरा महिन्यांनी मिळवले आणि वर्षातला दुसरा मोठा नफा नसेल, तर काहीच नाही. तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा. तो तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो आणि पुढच्या नफ्यातून वजा होतो. मुदत चुकली की हा हक्क जातो.

भागीदारी पातळ होते तेव्हा

तेलशोधाच्या कंपनीला सतत पैसा लागतो आणि बँका अनिश्चित विहिरीवर कर्ज द्यायला कचरतात. मग कंपनी नवे शेअर काढते. दहा कोटी शेअरचे पंधरा कोटी झाले की तुमचा हिस्सा एक तृतीयांशाने घटतो, पण तुमच्या खात्यावर शेअरची संख्या तेवढीच दिसते, म्हणून हा खर्च पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. घेण्यापूर्वी गेल्या पाच वर्षांच्या अहवालांत एकूण शेअरची संख्या किती वाढली, ते पाहावं. त्याच कागदात प्रवर्तकांनी किती टक्के शेअर गहाण टाकलेत, तेही सापडतं. दोन्ही माहिती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

आणि वाट किती पाहावी लागते? केर्न या तेलकंपनीचं उदाहरण घ्या. या शतकात भारतात जमिनीवर लागलेलं सर्वांत नाव झालेलं तेल म्हणजे राजस्थानात बाडमेरचं मंगला क्षेत्र. जानेवारी २००४ मध्ये शोध लागला. केर्न इंडियाचा शेअर १६० रुपयांनी लोकांना विकला गेला आणि जानेवारी २००७ मध्ये बाजारात आला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याखाली बंद झाला. तेल प्रत्यक्ष वाहू लागलं ऑगस्ट २००९ मध्ये. इतक्या उत्तम खडकात, इतक्या मोठ्या शोधालाही साडेपाच वर्षं लागली. हटासारख्या अवघड खडकात त्याहून कमी वेळ लागेल असं मानायला आधार नाही. साठीत असलेल्या गुंतवणूकदाराने हे वर्षांचं गणित स्वतःच्या वयाशी ताडून पाहावं.

शेअरऐवजी कच्च्या तेलाचे वायदे घ्या, असं सांगणारेही भेटतात. त्यांना २० एप्रिल २०२० विचारावं. त्या दिवशी अमेरिकन कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर गेला, आणि आपल्या एमसीएक्सवरचा करार पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी निकाली निघाला. शंभर पिंपांचा एक करार धरून बसलेल्याचे मूळ पैसे तर गेलेच, वर २ लाख ८८ हजार रुपये भरावे लागले. शेअर जास्तीत जास्त शून्य होतो. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने वायद्यांच्या वाटेला जाऊ नये.

पुणे-मुंबईला किंवा परदेशात असलेली मुलं लंडनच्या एआयएम बाजारातल्या, कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या छोट्या तेलकंपन्या सुचवतात. तिथे निवड मोठी आहे हे खरं. पण पैसे पाठवताना चलनबदलात आणि बँकेच्या आकारात कपात होते, वर्षाला दहा लाखांपुढे गुंतवणुकीसाठी पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो (तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो), नफ्याला दीर्घ मुदतीचा दर मिळायला चोवीस महिने थांबावं लागतं, आणि विवरणपत्रात परकीय मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो. लाख-दोन लाखांसाठी एवढा व्याप करू नये असं माझं मत आहे.

सल्ला आणि जमीन

सल्ला विकत घ्यायचा असेल तर सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी. तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ठरावीक शुल्क घेणाऱ्याला एका कुटुंबाकडून वर्षाला १ लाख ५१ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. पण पाच लाखांच्या गुंतवणुकीवर पंचवीस हजारांचा सल्लासुद्धा पाच टक्के खर्च झाला, आणि तो तोटा झाला तरी द्यावाच लागतो. आपल्याच राज्यात, इंदुरात, नोंदणी नसताना सल्ला विकणाऱ्यांवर सेबीने किती कारवाया केल्या ते आपण वाचत आलो आहोत. "रिग पोचली, आठवड्यात बातमी येणार" असा संदेश टेलिग्रामवर आला, तर पाठवणाऱ्याने शेअर आधीच घेतलेला असतो आणि तो तुम्हाला विकायचा असतो.

एक वेगळा खर्च जबेरा-हटाच्या बाजूला नातं असलेल्या कुटुंबांसाठी सांगायला हवा. विहिरीच्या आशेने तिथे शेतजमीन चढ्या भावाने घेऊ नये. आपल्याकडे जमिनीखालचं तेल किंवा वायू शेतमालकाचा नसतो. रॉयल्टी राज्य सरकारला जाते. मालकाला मिळते ती वर वापरलेल्या जागेची आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई. शेतातून वाहिनी गेली, तर १९६२ च्या पाइपलाइन कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईबरोबर त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते, जमीन तुमचीच राहते, पण त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. ज्यांच्या शेतातून वाहिनी जाणार आहे त्यांनी पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावं आणि प्रत्येक झाड मोजून लिहून घ्यावं. राहिलेलं झाड नंतर मोजलं जात नाही.

मग घालावेत तरी किती? माझं उत्तर ठाम आहे. घरखर्चाची दोन वर्षांची तरतूद, आरोग्यविमा आणि मुदतठेवी बाजूला काढल्यावर जे उरेल, त्यातले पाच टक्के ही वरची मर्यादा, निवृत्तांनी दोन. तेही एका कंपनीत नाही, आणि फक्त अशाच कंपनीत जिच्या विहिरीतून आज तेल किंवा वायू विकला जातो, जी कर्जात बुडालेली नाही, आणि जिच्या शेअरची संख्या फुगलेली नाही. नुसत्या शोधावर जगणाऱ्या कंपनीत, खडक कितीही आकर्षक असो, पेन्शनचा एक रुपयाही जाऊ नये.

पैसे देण्यापूर्वी हायड्रोकार्बन महासंचालनालयाचा वार्षिक अहवाल, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरचा तुमच्या जिल्ह्याचा नकाशा आणि कंपनीचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल वाचा. तिन्ही फुकट आहेत. दलालाने किंवा सल्लागाराने फसवलं असं वाटलं तर सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. चौकशीसाठी सेबीचा निःशुल्क क्रमांक १८०० २६६ ७५७५ आहे.